काखेत कळसा, गावाला वळसा: एकाच होस्टवरच्या व्हीएममधलं नेटवर्क हळू का चालतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रॉक्समॉक्सचा (एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल संगणक चालवणारी प्रणाली) एक होस्ट, म्हणजे खरं यंत्र, त्यावर दोन व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल संगणक. एकीत विंडोज सर्व्हर आणि त्यावर ॲप्लिकेशन, दुसरीत लिनक्स, त्यावर डेटाबेस आणि फाइल शेअर. दोघींचे व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेवर वेगळी ठेवलेली नेटवर्कं, वेगळे. विंडोजमध्ये नेटवर्क कार्डाचा वेग १० जीबीपीएस दिसतो, पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की आकडा सेकंदाला ११२ एमबीच्या वर सरकत नाही. दोन्ही व्हीएम एकाच डब्यात असताना असं का होतं, आणि जम्बो फ्रेम (नेहमीच्या १५०० ऐवजी ९००० बाइटची मोठी पॅकेटं) लावल्या तर फरक पडेल का?

जम्बो फ्रेम तूर्त बाजूला ठेवा. उत्तर तुम्ही दिलेल्या ११२ या आकड्यातच आहे.

एक गिगाबिटच्या तारेवर १५०० बाइटचं पॅकेट पाठवलं की तारेवरची जागा जाते १५३८ बाइटची, कारण इथरनेटचं हेडर, सुरुवातीचा प्रीअँबल आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागाही मोजावी लागते. त्या १५०० मधूनही आयपी आणि टीसीपीची हेडरं वजा होतात. टीसीपीचा टाइमस्टॅम्प चालू असेल तर तुमचा स्वतःचा डेटा उरतो १४४८ बाइट. १४४८ भागिले १५३८ केलं की गिगाबिटमागे ९४१ मेगाबिट येतात. टाइमस्टॅम्प नसेल तर ९४९. हेच बाइटमध्ये काढून विंडोजच्या १०२४ च्या हिशेबात बसवलं की ११२-११३ एमबी. म्हणजे तुमची कॉपी एका खऱ्याखुऱ्या एक गिगाबिटच्या तांब्याच्या तारेवरून जाते आहे. होस्टच्या आत एका मेमरीतून दुसऱ्या मेमरीत होणाऱ्या कॉपीला नेमकं ९४१ वर येऊन थांबायचं काहीच कारण नसतं. ती ३ गिगाबिटवर अडेल, २२ वर अडेल, मोजाल तेव्हा थोडी हलेल. ९४१ वर खिळून बसलेला आकडा दिसला की समजायचं, पॅकेट घराबाहेर पडतं आहे.

आणि विंडोज दाखवतं ते १० जीबीपीएस? ती नुसती पाटी आहे. व्हर्च्युअल कार्डाला तार नसते, त्यामुळे वेगही नसतो. ड्रायव्हरला काहीतरी सांगावं लागतं म्हणून तो १० सांगतो. लिनक्समधला व्हर्टआयओचा (खास व्हीएमसाठी बनवलेल्या व्हर्च्युअल कार्डाचा) ड्रायव्हर बहुतेक वेळा सरळ ‘माहीत नाही’ म्हणतो, तो जास्त प्रामाणिक. व्हीएमवेअरचं व्हीएमएक्सनेट३ सुद्धा १० ची पाटी लावून त्याच्या बऱ्याच वर जाऊ शकतं. पाटी वाचून ना खूश व्हायचं, ना घाबरायचं.

आता पॅकेट बाहेर का पडतं ते बघू. एकाच ब्रिजवर (होस्टच्या आतला व्हर्च्युअल स्विच), एकाच व्हीलॅनमध्ये, एकाच सबनेटमध्ये (आयपी पत्त्यांचा एक गट) असलेल्या दोन व्हीएम थेट बोलतात. ब्रिज पॅकेट एकीकडून घेतो, दुसरीला देतो, खऱ्या कार्डाला त्याची खबरही नसते. तुमचे व्हीलॅन वेगळे आहेत. विंडोज बघतं, समोरचा पत्ता आपल्या सबनेटमधला नाही, आणि पॅकेट गेटवेकडे पाठवतं. गेटवे म्हणजे तुमचा रॅकमधला खरा फायरवॉल. पॅकेट होस्टच्या कार्डातून बाहेर पडतं, स्विचवरून फायरवॉलपर्यंत जातं, तिथे व्हीलॅन बदलून त्याच रस्त्याने त्याच कार्डातून परत आत येतं आणि शेजारच्या व्हीएमला मिळतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तार दोन्ही दिशांना स्वतंत्रपणे गिगाबिट नेते, म्हणून एकेरी कॉपीला पूर्ण ९४१ मिळतात. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी कॉपी लावून बघा, प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम निम्मे येतील, कारण आता प्रत्येक दिशेवर दोन-दोन ओझी आहेत.

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, दोन मिनिटांत तपासता येतं. कॉपी चालू ठेवा आणि होस्टवर खऱ्या कार्डाचे बाइटचे आकडे बघा (‘आयपी लिंक’ ही कमांड आकडेवारीच्या पर्यायासह चालवली की येतात). कॉपीच्या वेगाने ते आकडे पळत असतील तर निकाल लागला. विंडोजमधून ट्रेसरूट केला तर मध्ये एक थांबा दिसेल, तो फायरवॉल. जाता जाता प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमच्या नेटवर्क कार्डावर ‘रेट लिमिट’चा रकाना रिकामा आहे ना, तेही बघून घ्या. कुणीतरी कधीतरी तिथे आकडा भरून विसरून गेलेलं असतं.

हेच दुखणं दुसऱ्या रूपांतही येतं. व्हीएमवेअरमध्ये एकाच होस्टवर दोन वेगळे व्हर्च्युअल स्विच असतील, तर त्यांच्यात आतून रस्ता नसतो. व्हीलॅन एकच असला तरी पॅकेट बाहेरून फिरून येतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नॅट मोड ठेवला तर वाहतूक आधी होस्टवरच्या एका साध्या प्रोग्रामच्या हातून जाते, आणि त्या मोडमध्ये व्हीएम एकमेकींना दिसतही नाहीत. लोक मग पोर्ट फॉरवर्ड करून होस्टमार्गे वाट काढतात आणि वेग गेला म्हणून तक्रार करतात. तिथे इंटर्नल नेटवर्क किंवा होस्ट-ओन्ली घ्यायचं.

उपाय साधा आहे: दोन्ही व्हीएमना दुसरं कार्ड द्या. होस्टवर नवा ब्रिज बनवा, व्हीएमबीआर१ म्हणा, आणि त्याला एकही खरं पोर्ट जोडू नका. दोन्ही नवी कार्डं त्यावर लावा, वेगळं सबनेट द्या, १०.९९.०.१ आणि १०.९९.०.२ असं काहीतरी. या कार्डांवर गेटवे भरायचा नाही, डीएनएसही नाही. विंडोजमध्ये या कार्डाचा पत्ता डीएनएसमध्ये नोंदवण्याची खूण काढून टाका, नाहीतर उद्या बाकीची यंत्रं त्या पत्त्यावर सर्व्हर शोधत बसतील. आणि एक हमखास फसवणारी गोष्ट: गेटवे नसलेल्या नेटवर्कला विंडोज ‘अनोळखी’ ठरवून पब्लिक प्रोफाइलमध्ये टाकतं. मग फायरवॉल पिंगलाही उत्तर देत नाही आणि तुम्हाला वाटतं ब्रिजच चुकला. ब्रिज ठीक असतो. त्या कार्डासाठी फायरवॉलचा नियम लिहावा लागतो.

त्यानंतर ॲप्लिकेशनला नवा पत्ता वापरायला लावायचा, आणि इथेच माझे स्वतःचे दोन दिवस गेलेत. एका ठिकाणी रात्रीचा बॅकअप दोन व्हीएममध्ये ९४१ वर अडकला होता. आतलं कार्ड लावलेलं होतं, म्हणून मी रस्त्यावर संशयच घेतला नाही. ऑफलोडचे (सीपीयूचं काम नेटवर्क कार्डावर ढकलण्याचे) पर्याय चालू-बंद करत बसलो, क्यू (कार्डाच्या पॅकेटांच्या रांगा) वाढवल्या, कर्नल बदलला. शेवटी खऱ्या कार्डाचे आकडे पाहिले तर ते पळत होते. बॅकअपच्या कॉन्फिगमध्ये सर्व्हरचं नाव होतं, आणि ते नाव होस्ट्स फाइलमधल्या जुन्या ओळीमुळे बाहेरच्या पत्त्यावर जात होतं. नवं कार्ड ऐटीत रिकामं बसून होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तेव्हापासून मी आधी खऱ्या कार्डाचे आकडे बघतो, मग बाकी सगळं.

आणखी एक, तांत्रिक नसलेलं. ते दोन व्हीलॅन कुणीतरी विचार करून वेगळे केले असतील. आतली थेट वाट काढली म्हणजे फायरवॉलला वगळलं. ज्याने ती रचना केली त्याला विचारा, आणि गेस्टच्या (म्हणजे व्हीएममधल्या ओएसच्या) आतल्या फायरवॉलमध्ये नव्या कार्डावर फक्त डेटाबेसचं आणि शेअरचं पोर्ट उघडा. काही जण मध्ये पीएफसेन्ससारखी फायरवॉलची व्हीएम बसवतात. चालतं, पण व्हर्टआयओ कार्डावर पीएफसेन्समध्ये हार्डवेअर चेकसम (पॅकेट बिघडलं का ते तपासणारी बेरीज) ऑफलोड बंद ठेवावा लागतो, आणि प्रत्येक पॅकेट त्या व्हीएमच्या सीपीयूवरून जातं. बाहेरच्या वळशापेक्षा बरं, थेट वाटेच्या बरंच मागे.

आता रस्ता आतला झाला असं धरू. पुढची मर्यादा तारेची नसते, सीपीयूची असते. सेकंदाला किती वेळा पॅकेटला हात लावावा लागतो, यावर सगळं अवलंबून.

पहिला हात कार्डाच्या प्रकाराचा. ई१००० निवडलं असेल तर होस्ट इंटेलच्या एका जुन्या चिपची हुबेहूब नक्कल करतो. गेस्टचा ड्रायव्हर त्या ‘चिप’च्या रजिस्टरला हात लावतो, आणि अशा बहुतेक वेळी व्हीएमचा सीपीयू थांबून ताबा होस्टकडे जातो, होस्ट नक्कल वठवतो, ताबा परत येतो. पॅकेटागणिक हा तमाशा. व्हर्टआयओमध्ये गेस्टला माहीत असतं की आपण व्हर्च्युअल आहोत. दोघांच्या सामाईक मेमरीत एक रिंग असते, गेस्ट त्यात पॅकेटांचे पत्ते टाकत जातो आणि अनेक पॅकेटांसाठी मिळून एकदाच हाक मारतो. त्यात लिनक्स २.६.३४ पासून, म्हणजे २०१० पासून, व्हीहोस्ट-नेट आलं, आणि क्यूईएमयू या व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामकडे होणारा फेरा वाचून काम थेट कर्नलमध्ये व्हायला लागलं. व्हीएमवेअरवर याच जागी व्हीएमएक्सनेट३, आणि हायपर-व्हीवर साधं सिंथेटिक ॲडॅप्टर. तिथलं ‘लेगसी’ ॲडॅप्टर १०० मेगाबिटच्या काळातल्या चिपची नक्कल आहे, ते जुन्या ओएसच्या नेटवर्क बूटपुरतंच ठेवा.

विंडोजमध्ये ई१००० काढून व्हर्टआयओ लावताना ड्रायव्हर आधी घालून ठेवा. कार्ड बदललं की विंडोजच्या लेखी ते नवं कार्ड असतं. जुना आयपी टाकायला गेलात की ‘हा पत्ता दुसऱ्या ॲडॅप्टरला दिलेला आहे’ असं म्हणेल. दुसरा म्हणजे काढून टाकलेल्या कार्डाचं भूत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगून ते पुसायचं.

दुसरा हात, आणि सगळ्यात मोठा, पॅकेटच्या आकाराचा. १० गिगाबिट वेग १५०० बाइटच्या पॅकेटांनी गाठायचा तर सेकंदाला सुमारे ८ लाख १२ हजार पॅकेटं लागतात. प्रत्येक पॅकेट गेस्टच्या टीसीपीतून, ब्रिजमधून, समोरच्या टीसीपीतून जायचं. पण टीएसओ (टीसीपी सेग्मेंटेशन ऑफलोड) चालू असेल तर गेस्ट ६४ केबीपर्यंतचा अखंड गठ्ठा तसाच पुढे सरकवतो, ‘तुकडे कार्ड करेल’ या भरवशावर. इथे तार नाहीच, तेव्हा तुकडे कुणालाच करावे लागत नाहीत. गठ्ठा जसाच्या तसा शेजारच्या व्हीएममध्ये उतरतो. त्याच १० गिगाबिटसाठी सेकंदाला जेमतेम १९ हजार गठ्ठे पुरतात. जम्बो फ्रेम बाजूला ठेवा म्हटलं ते यासाठी: ९००० बाइटची फ्रेम लावून जे मिळवायचं, त्याच्या सातपट मोठा गठ्ठा तुम्हाला आधीच फुकट मिळतो आहे.

अर्थात कुणी तो बंद केला नसेल तर. ‘नेटवर्कचा काही त्रास असेल तर सगळे ऑफलोड बंद करा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि लोक तो स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये घालून विसरतात. लिनक्समध्ये ईथटूल लहान के या पर्यायासह चालवून टीसीपी सेग्मेंटेशन आणि जेनेरिक रिसीव्ह ऑफलोड चालू आहेत का बघा, दोन्ही गेस्टमध्ये. विंडोजमध्ये कार्डाच्या ॲडव्हान्स्ड पानावर ‘लार्ज सेंड ऑफलोड’ असतं.

हा त्रास बहुतेकदा टीसीपीडंपमध्ये (पॅकेटं पकडून दाखवणारं साधन) ‘चेकसम चुकीचा’ असं दिसल्यावर सुरू होतो. व्हीएम ते व्हीएम जाणाऱ्या पॅकेटात चेकसम अर्धवट असणं ठरवूनच केलेलं आहे. मेमरीतून मेमरीत जाताना बिट बिघडायला मध्ये तार नाही, मग बेरीज कशाला करायची. टीसीपीडंपला हे ठाऊक नसतं, म्हणून तो ओरडतो. ते पाहून ऑफलोड बंद करू नका.

तिसरा हात होस्टवरच्या फिल्टरचा. होस्टवर बीआर-नेटफिल्टर हे मॉड्यूल चढलेलं असेल आणि ब्रिजवरची पॅकेटं आयपीटेबल्सकडे (लिनक्सच्या फायरवॉलकडे) पाठवायचं सिसकंट्रोल, म्हणजे कर्नलची सेटिंग, १ असेल, तर ब्रिजवरून जाणारं प्रत्येक पॅकेट नियमांच्या यादीतून जातं. होस्टवर डॉकर घातलं की हे बऱ्याचदा आपोआप चढतं, आणि कधीकधी नुसतं हळू न होता व्हीएममधलं बोलणंच बंद पडतं. प्रॉक्समॉक्समध्ये फायरवॉल वापरात असताना व्हीएमच्या कार्डावर फायरवॉलची खूण असेल, तर मध्ये आणखी एक छोटा ब्रिज बसतो. आतल्या खासगी ब्रिजवरच्या कार्डांसाठी ती खूण मी काढून टाकतो, कारण तिथे गेस्टच्या आतला नियम पुरतो.

आता मोजायचं. आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) वापरत असाल तर आवृत्ती बघा. ३.१६ च्या आधी समांतर प्रवाह कितीही मागितले तरी सगळे एकाच थ्रेडमध्ये चालत, म्हणजे आठ प्रवाह लावून तुम्ही आयपर्फचा एक कोअरच मोजत होता. विंडोजवर त्याचे आकडे मी फारसे धरत नाही, तिथे मायक्रोसॉफ्टचं एनटीटीटीसीपी बरं. चाचणी चालू असताना होस्टवर टॉप उघडून थ्रेड दाखवायला सांगा. ‘व्हीहोस्ट-’ आणि पुढे क्यूईएमयूचा प्रोसेस क्रमांक अशा नावाचे थ्रेड दिसतील. कॉपीचं काम करणारे हमाल तेच. त्यातला एक १०० टक्क्यांवर असेल आणि बाकी कोअर निवांत, तर मल्टिक्यूचा उपयोग आहे: व्हीएमच्या कार्डावर क्यूंची संख्या व्हीसीपीयूंएवढी (व्हीएमला दिलेल्या व्हर्च्युअल सीपीयूंएवढी) द्या, आणि लिनक्स गेस्टमध्ये ईथटूलने तेवढे चॅनेल सुरू झालेत का बघा. पण लक्षात घ्या, एक टीसीपी जोडणी साधारणपणे एकाच क्यूत राहते. एकच मोठी फाइल कॉपी करायची असेल तर क्यू वाढवून काही हाती लागत नाही. पन्नास जोडण्यांच्या डेटाबेसला लागतं.

दोन सॉकेटचा होस्ट असेल तर दोन्ही व्हीएम एकाच सॉकेटवर, त्याच नूमा नोडच्या (म्हणजे त्या सॉकेटला थेट जोडलेल्या) मेमरीसह ठेवा. सगळा खेळ मेमरी कॉपीचा आहे, आणि मेमरी पलीकडच्या सॉकेटची असेल तर प्रत्येक कॉपीला तो पूल ओलांडावा लागतो. गेस्टच्या टॉपमध्ये ‘एसटी’ हा रकाना शून्याच्या वर रेंगाळत असेल तर व्हीएमला तिच्या वाट्याचा सीपीयूच मिळत नाही. तिथे नेटवर्कला दोष देण्यात अर्थ नाही. उलट व्हीसीपीयू कमी करून बघा.

जम्बो फ्रेमबद्दल तरीही विचारलंत म्हणून: यूडीपी जड असेल किंवा ऑफलोड चालवताच येत नसेल तर कामाच्या. लिनक्सचा ब्रिज आपणहून सगळ्या पोर्टांतला लहानात लहान एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) धरतो, आणि एखाद्या पोर्टाकडे १५०० राहिला की लहान पॅकेटं जातात, मोठी मुकाट गडप होतात. एसएसएच लागतं, पण मोठी यादी मागितली की स्क्रीन गोठते. तुकडे न करण्याची अट घालून ८९७२ बाइटचा पिंग करा. २८ बाइट हेडरचे मिळून ९००० होतात. तो गेला तर सगळं ठीक.

एसआर-आयओव्हीची (खऱ्या कार्डाचे भाग करून ते थेट व्हीएमना देण्याची सोय) शिफारसही कुणीतरी करेलच. बाहेरच्या वाहतुकीसाठी ते उत्तम आहे. पण एकाच होस्टवरच्या दोन व्हीएममध्ये पॅकेट पीसीआय एक्सप्रेसवरून कार्डात जातं, कार्डातल्या स्विचवरून वळतं आणि त्याच बसवरून परत येतं. म्हणजे लहान वळसा पुन्हा आलाच. या कामासाठी मी ते घेत नाही.

हे सगळं करून आयपर्फ दहाच्या वर दाखवतं आणि फाइल कॉपी तरीही रांगते, असंही होईल. मग नेटवर्क सोडा. एससीपीने कॉपी करत असाल तर एन्क्रिप्शन एका कोअरवर चालतं, आणि व्हीएमचा सीपीयू प्रकार केव्हीएम६४ असेल तर गेस्टला प्रोसेसरमधली एईएसची (एन्क्रिप्शन वेगाने करण्याची) सोय दिसतच नाही. प्रॉक्समॉक्समध्ये आवृत्ती ८ च्या आधी बनवलेल्या व्हीएममध्ये हा प्रकार सर्रास सापडतो, कारण तोच डीफॉल्ट होता. प्रकार ‘होस्ट’ करा, व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा, गेस्टच्या आतून नुसती रीस्टार्ट नको. दुसरा संशयित डिस्क: दोन्ही व्हीएमच्या डिस्क एकाच एसएसडीवर असतील तर ती एकाच वेळी वाचते आहे आणि लिहिते आहे.

ॲप्लिकेशन हळू असेल तर आणखी वेगळा हिशेब. एका पानासाठी ते डेटाबेसला ५,००० छोट्या क्वेरी एकामागून एक करत असेल आणि प्रत्येक फेरी ०.३ मिलिसेकंदाची असेल, तर दीड सेकंद नुसत्या ये-जा करण्यात गेला, आणि त्या वेळात तार जवळपास रिकामी होती. वळसा काढल्याने फेरी छोटी होईल, तेवढा फायदा मिळेल. पुढचं काम डेव्हलपरचं. दर फेरीला अचूक ४० मिलिसेकंद जात असतील तर लिनक्सच्या बाजूचा उशिरा पाठवलेला ॲक (पॅकेट मिळाल्याची पोच) आणि पाठवणाऱ्याचा नेगल अल्गोरिदम (छोटी पॅकेटं पोच येईपर्यंत रोखून एकत्र पाठवणारा) यांची ती गाठ आहे. ॲप्लिकेशनमध्ये टीसीपी-नोडिले (नेगल बंद करणारा पर्याय) लावायला सांगा.

आणि फाइलींसाठी नेटवर्क हवंच का, हेही बघा. एकदाच एखादा टेराबाइट हलवायचा असेल तर व्हर्च्युअल डिस्क एका व्हीएमची काढून दुसरीला जोडा, अर्थात तिथली फाइल सिस्टीम दुसऱ्या ओएसला वाचता येत असेल तर; काही सेकंदांचं काम. दोन लिनक्स व्हीएमना एकच फोल्डर हवं असेल तर होस्टवरचं फोल्डर व्हर्टआयओएफएसने दोघींना देता येतं, त्यात नेटवर्क येतच नाही.

पुढेमागे दुसरा होस्ट घेऊन क्लस्टर केलात तर एक काम वाढेल. व्हीएमबीआर१ हा ब्रिज एका होस्टपुरताच असतो. दोघींतली एक व्हीएम दुसऱ्या होस्टवर गेली की तिथे त्याच नावाचा ब्रिज असला तरी तो रिकामा असेल आणि जोडणी तुटेल. त्यामुळे दोघींना एकत्र ठेवण्याचा अफिनिटीचा नियम त्याच दिवशी लावून टाका, आणि बाहेरून येणारी जुनी वाट पर्यायी म्हणून चालू राहू द्या. मग एखाद्या सकाळी पुन्हा ९४१ दिसले, तर व्हीएम कुठे आहे ते आधी बघता येईल.